इन्सुलेटेड वायनिल साइडिंग: जुन्या पत्र्यावर चढवावी की भिंत उघडून बसवावी?

अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या उपनगरातील आपल्या १९७४ सालच्या घराच्या ॲल्युमिनियम साइडिंगला (भिंतीच्या बाहेरच्या आवरणाला) गारपिटीत जागोजागी पोचे आले आहेत. एक कॉन्ट्रॅक्टर त्याच पत्र्यावरून पाठीला फोम चिकटवलेली इन्सुलेटेड वायनिल (पीव्हीसी प्लास्टिकची) साइडिंग चढवायला तयार आहे, तर दुसरा जुने सगळे काढून, हाउसरॅप (पाणी अडवणारे पातळ आवरण) लावून साधी वायनिल बसवू म्हणतो. पहिल्याचा आकडा मोठा आहे, पण हीटिंगच्या बिलातून फरक वसूल होईल असे त्याचे म्हणणे असल्याचे आपण लिहिले आहे. माझे मत आधीच सांगतो. या दोघांतूनच निवडायचे असेल तर मी दुसऱ्याला काम देईन, आणि ऐपत असेल तर इन्सुलेटेड साइडिंगचा दरही त्याच्याकडूनच मागवेन.

बिलाचा मुद्दा प्रथम निकालात काढू. त्या काळातल्या २ बाय ४ च्या (प्रत्यक्षात साडेतीन इंच खोल लाकडी सांगाड्याच्या) भिंतीत, दोन स्टडच्या म्हणजे उभ्या लाकडांच्या मधल्या पोकळीत, बहुधा आर-११ चे फायबरग्लास असते. आर हे उष्णता अडवण्याचे माप आहे; तो जितका जास्त तितकी उष्णता कमी निसटते. परंतु भिंतीचा जवळजवळ चौथा हिस्सा लाकडाचाच असतो आणि त्या साडेतीन इंच लाकडाचा आर जेमतेम ४ च्या घरात भरतो. उष्णता तिथून वाट काढते. फोमची साइडिंग सलग असल्यामुळे पोकळीबरोबर लाकडावरही पांघरूण घालते, आणि ही तिची खरी जमेची बाजू होय. मात्र तिचा स्वतःचा आर साधारणपणे २ ते ३ इतकाच असतो. तो २.५ धरून मी कागदावर हिशेब मांडला, तेव्हा खिडक्या-दारे सोडून उरलेल्या भिंतीतून होणारी उष्णतेची गळती १५ ते १६ टक्क्यांनी घटते असे निघाले. आता घराच्या एकूण उष्णतेपैकी पाव हिस्सा भिंतींतून आणि बाकीची छत, खिडक्या, तळघर व फटींतून जाते असे गृहीत धरले, तर एकूण बचत ४ टक्क्यांच्या आसपास येते. एवढ्यावर दोन अंदाजपत्रकांमधला फरक भरून निघेल असे जो सांगतो, त्याच्याकडे हिशेब लेखी मागावा. बिलच कमी करायचे असेल तर आधी ब्लोअर डोअर चाचणी (दारात पंखा बसवून हवेची गळती शोधणे) करून फटी बुजवाव्यात आणि ॲटिकमधले म्हणजे छताखालच्या माळ्यावरचे इन्सुलेशन आपल्या भागासाठी सुचवल्या जाणाऱ्या आर-४९ ते आर-६० पर्यंत न्यावे. खर्च कमी आणि फळ जास्त.

मग ही साइडिंग घ्यायचीच कशाला? माझ्या मते तिचे मोल बिलापेक्षा भिंतीच्या रूपात आणि मजबुतीत आहे. साधे वायनिल पॅनेल पाठीमागून पोकळ असते; हाताने दाबले की आत जाते, लांब भिंतीवर तिरक्या उन्हात त्याच्या लाटा दिसतात आणि कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होत असल्याने चेंडूसुद्धा त्याला तडा देऊ शकतो. मागे फोमचा आधार असला की पॅनेल ताठ व सरळ राहते आणि आघात बऱ्यापैकी सोसते. गारांचा मार खाल्लेल्या घराला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आवाज कमी होतो असेही सांगतात, पण रस्त्याचा आवाज बहुतांशी खिडक्यांतून येतो, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

तिसरा पर्यायही दोघांना विचारून पाहावा: शीदिंगवर (सांगाड्यावर बाहेरून ठोकलेल्या फळ्यांवर) एक इंच जाडीचे एक्सपीएस म्हणजे पॉलिस्टायरीनचे कडक फोम बोर्ड, त्याचे सांधे टेपने बंद, आणि त्यावर चांगल्या जाडीची साधी वायनिल. एक इंच एक्सपीएसचा आर ५ असतो, म्हणजे इन्सुलेटेड साइडिंगच्या जवळपास दुप्पट, शिवाय टेपमुळे हवेची गळतीही कमी होते. मात्र वायनिलला पाठीमागून चिकटलेला आधार मिळत नाही, खिळे फोमच्या जाडीएवढे अधिक लांब लागतात आणि मजुरी वाढते. आपल्या घराला ताठपणा हवा की ऊब, हे ठरवले की निवड सोपी होते.

जुने काढण्याचा मी आग्रह धरतो तो पाण्यासाठी. कोणतीही वायनिल साइडिंग पाणी पूर्णपणे अडवत नाही. आत गेलेले पाणी पॅनेलच्या खालच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशीच तिची रचना असते, आणि भिंत कोरडी ठेवण्याचे खरे काम मागचा हाउसरॅप व खिडक्यांभोवतीचे फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या) करते. आपल्या घराच्या वयाच्या भिंतींत पुष्कळदा नुसते डांबरी फेल्ट असते, तर कधी तेही नसते. पत्रा काढल्यावर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो मऊ लाकडात घुसला तर फ्लॅशिंग फसले आहे असे समजावे. जुन्यावर नवे चढवले की ही कुज झाकली जाते आणि पुढे वाढत राहते. शिवाय पत्रा आणि त्यावर इंचभर फोम अशी जाडी झाली की खिडक्यांच्या चौकटी भिंतीत खोल रुतल्यासारख्या दिसतात, आणि ते लपवण्यासाठी ट्रिम (चौकटीभोवतीची पट्टी) वाढवावी लागते, जिचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात बहुधा दिसणार नाही. घर १९७८ च्या आधीचे असल्यामुळे शिशाच्या रंगाचा (जुन्या रंगातले विषारी शिसे पसरू न देता काम करण्याचा) नियमही लागू होतो, म्हणून त्यासाठी प्रमाणित असलेलीच कंपनी घ्यावी.

बसवण्याच्या कामात मी सर्वांत आधी खिळा पाहतो. १२ फुटी पॅनेल हिवाळा-उन्हाळ्यात अर्धा इंच किंवा त्याहून जास्त आखडते-पसरते, म्हणून खिळा लांबट छिद्राच्या बरोबर मध्यभागी हवा, त्याचे डोके आणि वायनिल यांत एका डाइमच्या (अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीएवढी फट हवी आणि टोक भक्कम लाकडात गेलेले हवे. बसवलेले पॅनेल दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे सरकवून पाहावे. ते सहज हलले तर काम बरोबर. जखडलेले असेल तर पहिल्याच कडक उन्हाळ्यात त्याला फुगवटे येतील. जे-चॅनलमध्ये (पॅनेलचे टोक ज्यात सरकवतात त्या खाचेच्या पट्टीत) पॅनेलच्या टोकाशी पाव इंच, आणि ४० अंश फॅरनहाइटखालच्या थंडीत काम चालले असेल तर ३/८ इंच, मोकळी जागा ठेवावी लागते. फोममुळे पॅनेल सरळ दिसते, पण घट्ट मारलेला खिळा फोमही सुधारत नाही.

शेजारच्या घराच्या लो-ई (उष्णता परतवणारा लेप असलेल्या) काचांवरून परावर्तित झालेले ऊन आपल्या भिंतीवर पडते का, हेही दुपारी एकदा पाहून ठेवावे. वायनिल १६० अंश फॅरनहाइटच्या सुमारास मऊ पडू लागते, आणि अशा केंद्रित उन्हात, विशेषतः गडद रंगाची पॅनेल, वितळल्यासारखी वेडीवाकडी होतात. असे नुकसान वॉरंटीतून वगळलेले असू शकते, म्हणून ते कलम सहीपूर्वी वाचावे. ग्रिलही भिंतीपासून दूर हलवावी.

कागदपत्रांत तीन गोष्टी मागाव्यात. उत्पादन इन्सुलेटेड वायनिल साइडिंगसाठीच्या एएसटीएम डी ७७९३ या मानकाला उतरते असा उल्लेख असावा, कारण त्यात किमान आर २ ची अट आहे. वॉरंटी मजुरी धरून आहे की फक्त मालावर, आणि घर विकल्यास नव्या मालकाकडे जाते का, हे स्पष्ट लिहिलेले असावे. आणि कुजलेले शीदिंग बदलण्याचा दर प्रति चौरस फूट आधीच ठरलेला असावा, नाहीतर भिंत उघडल्यावर घासाघीस करायला आपल्या हाती काही उरत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घरसुधारणा करसवलतीचे आमिष कोणी दाखवल्यास, ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर पूर्ण झालेल्या कामाला मिळत नाही, हे त्याला सांगावे.