तोंड पुसून आलेलं खोटं

खुर्चीत बसायच्या आधीच आई म्हणाली, "मॅडम, हा खोटं बोलायला लागलाय हो. आमच्या घरात असं कुणीच नाही." सोबतच्या आजी छताकडे बघू लागल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा साडेचार वर्षांचा. डब्यातले बेसनलाडू कमी झाले आणि चिरंजीव म्हणाले, "मांजर आलेली." ओठांना बेसन तसंच! आईनं एक चापट दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांजरच आली, पण या वेळी तो तोंड पुसून आला होता. आईची खरी धास्ती ती.

मी बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे उघडला. आत खडू. पुन्हा बंद करून विचारलं, "आईनं आत बघितलेलं नाही. तिला काय वाटेल, आत काय आहे?"

"बिस्किटं!" आणि खुदकन हसला.

तीन वर्षांचं मूल इथं बहुधा "खडू" म्हणतं. मला माहीत ते सगळ्यांना माहीत, हा त्याचा हिशेब. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते हे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उमगतं. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ते प्रयोगातून दाखवलं. हे उमगल्याशिवाय तोंड पुसायचं सुचत नाही.

मला यात नेहमी स्क्रब जे आठवतो, कावळ्याच्या कुळातला अमेरिकी पक्षी. केंब्रिज विद्यापीठातल्या एमरी आणि क्लेटन या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की खाणं लपवताना दुसऱ्या जेनं बघितलं, तर हा नंतर एकटा असताना जागा बदलतो. पण ज्यानं स्वतः कधी चोरी केलीय, तोच! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पक्ष्याला माणसासारखं 'कळतं' का, यावर वाद आहे.

आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. उत्तर माहीत असताना "कुणी खाल्ले?" विचारू नका, तो सापळा आहे. "लाडू तू खाल्लेस, उद्याचा आज संपला," इतकंच म्हणा. आणि चापट बंद. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांच्या अभ्यासात, मारकुट्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, तेही जास्त सफाईनं.

महिन्यानं फोन आला. "मॅडम, आपणहून म्हणाला, दोन लाडू मी खाल्ले. कमी झालेले तीन."

"मग तिसरा?"

"तो सासूबाईंनी."