म्युनिकची ऑफर, विकीचं काम आणि मुलीची शाळा

तुम्ही विचारलंय की पुण्यात बरीच वर्षं कॉन्फ्लुएन्स-जिराचं (कंपनीची माहिती पानांवर लिहून ठेवायची विकी आणि कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) ॲडमिन आणि सपोर्ट केलंय, म्युनिकच्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीची ऑफर आलीय, ऑफिसची भाषा इंग्लिश आहे म्हणतायत, मुलगी तिसरीत आहे, तर यावं का. ब्लू कार्ड म्हणजे कामाचा परवाना, टॅक्स, इन्शुरन्स हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलंय, ते सोडते. मीही म्युनिकमध्ये हेच काम करते, आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

नोकरीची काळजी करू नका. कॉन्फ्लुएन्स-जिराच्या सर्व्हर व्हर्जनचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला तेव्हा इथल्या बऱ्याच कंपन्या क्लाउडला न जाता त्यांच्याच डेटा सेंटर नावाच्या व्हर्जनवर गेल्या, कारण त्यांना डेटा स्वतःच्या सर्व्हरवरच हवा असतो, आता तेही मार्च २०२९ ला बंद होतंय, मग क्लाउड घ्यायचं की एक्सविकीसारखी ओपन सोर्स विकी, यावर मीटिंगा चालूच राहणार आणि मायग्रेशनला, म्हणजे जुनी पानं नव्या जागी हलवायला, माणसं लागणारच.

एक गोष्ट मात्र नवीन वाटेल. कोणी कुठलं पान उघडलं, कोणी किती एडिट केलं हे दाखवणारं ॲनालिटिक्स आपण तिकडे सरळ चालू करून टाकतो, मॅनेजर खूश. इथे बेट्रीब्सराट असतं, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ, आणि ज्यातून माणसाच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवता येईल असं सॉफ्टवेअर त्यांच्या संमतीशिवाय आणता येत नाही, कायद्यातच आहे, कलम ८७. एका साध्या प्लगइनसाठी महिनोन् महिने जातात. आधी मला वैताग यायचा, आता मनापासून पटतं. कोण बघतंय याची धास्ती असली की लोक अर्धवट, कच्चं पान टाकतच नाहीत, सगळं पक्कं झाल्यावर टाकतात, आणि तोवर ज्याला ते हवं होतं त्याचं काम अडून गेलेलं असतं.

आता इंग्लिश ऑफिसचं. पानं इंग्लिशमध्ये असतात हो, पण एखादा निर्णय का घेतला ते जुन्या जर्मन कमेंटमध्ये नाहीतर कॅन्टीनमध्ये. पानावर सात स्टेप लिहिल्यात, त्यातली तिसरी कोणी करतच नाही, हे रिटायरमेंटला आलेल्या एका माणसाला माहीत असतं आणि तो बायरिश ढंगातच, म्हणजे इथल्या बोलीतच बोलतो. सपोर्टवाल्याला कोणाला काय माहीत आहे हेच तर कळायला लागतं. येण्याआधी जर्मनची बी१ पातळी तरी कराच, बी२ झालं तर फारच छान.

कागदपत्रांत नावाचा घोळ होईल. माझ्या मुलाच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये त्याचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही आहेत, इथे ते सगळंच पहिलं नाव धरतात, त्यामुळे डॉक्टरकडे, शाळेत, लायब्ररी कार्डावर सगळीकडे दोन्ही नावं, आणि माझ्या मॅरेज सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, एका ऑफिसात प्रत्येक खेपेला नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

एकटेपणाचं सगळे विचारतात. मराठी मंडळी आहेत, गणपती-दिवाळी होते, रविवारी दुकानं बंद असतात, सवय होते. त्यावर जास्त नाही लिहीत.

शाळेचं लिहायचंय. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच मुलांची वाटणी होते. मेच्या सुरुवातीला सर्टिफिकेट मिळतं, जर्मन, गणित आणि एचएसयू म्हणजे आपलं परिसर अभ्यास, या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम (सरळ युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली, दहावीपर्यंतची), नाहीतर सहसा मिटेलशूल (कामाच्या प्रशिक्षणाकडे नेणारी). इथे १ म्हणजे सगळ्यात चांगला मार्क. माझा मुलगा तिसरीच्या मध्यात आला, गणितात पहिल्या दिवसापासून पुढे, पण गणिताची शाब्दिक उदाहरणंसुद्धा जर्मनमध्येच ना, सरासरी तीनच्या आसपास आली आणि मिटेलशूल. नंतर बऱ्याच महिन्यांनी एका तुर्की आईकडून कळलं की ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून इथे शिकले नाहीत, त्यांना मार्क भाषेमुळे कमी पडले असतील तर ३.३३ पर्यंतही शाळा वर पाठवू शकते. नियम होता, लिहिलेला होता. पालकसभेत आम्ही दोघं बसलो होतो, कोणी एक शब्द बोललं नाही. तो आता एम-त्सुगमध्ये, म्हणजे मिटेलशूलमधल्याच वरच्या, दहावीपर्यंतच्या वर्गात आहे, छान करतोय, पुढे एफओएसचा, म्हणजे दहावीनंतर कॉलेजकडे नेणाऱ्या शाळेचा रस्ता आहे, सगळं ठीक आहे असं मी आईला फोनवर सांगते. पण ऑफिसात दिवसभर लोकांना कुठली माहिती कुठे आहे ते शोधून देते आणि संध्याकाळी घरी येताना अजून त्या पालकसभेचा राग येतो, तो गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही.

यावं का? माझं उत्तर महिन्याला बदलतं. पण मुलगी तिसरीत आहे म्हणजे तुमच्याकडे वेळ फार कमी आहे. जॉइनिंग लांबवू नका, तिचं जर्मन आजपासून सुरू करा, आणि शाळेत पहिल्याच भेटीत ३.३३ चा विषय तुम्हीच काढा, उत्तर ईमेलवर मागा.