नावं मोजण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. सोलापुरातल्या तीन पिढ्यांची नावं, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी, मतदार यादीतून काढायची आणि कोणतं नाव कधी आलं, कधी मागे पडलं ते मांडायचं. विषय फार चांगला घेतलास. पण यादीची निवड बदल. शेकडो नावं उतरवून झाल्यावर मागे फिरणं जिवावर येतं, म्हणून आताच सांगते.

मतदार यादीत सत्तरीच्या बाईचं जे नाव दिसतं, ते कित्येकदा तिच्या बारशाचं नसतं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं असतं. माहेरची धोंडाबाई सासरी येऊन सुमन झाली, तर तू 'सुमन' १९५० च्या जन्मात धरशील. खरं तर ते नाव अठरा-वीस वर्षांनी, सासरच्या आवडीने आलेलं. पुरुषाचं नाव जन्मापासून शेवटपर्यंत एकच. त्यामुळे एकाच यादीतला पुरुषांचा रकाना बारसं सांगतो आणि बायकांचा कधी बारसं, कधी लग्न. हे दोन रकाने शेजारी ठेवून पिढ्यांची तुलना केलीस तर ती पहिल्याच पानावर फसेल.

म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरपासून, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीपासून, सुरुवात कर. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज दे, आडनावं उतरवणार नाही हे त्यात लिही आणि ते पाळ. रजिस्टरमध्ये मुलगी तिच्या माहेरच्या नावानेच असते. जन्मतारखेवर मात्र विसंबू नकोस. जुन्या पानांवर ओळीने १ जून दिसेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तारीख घरच्यांना ठाऊक नसायची, गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून लिहून टाकायचे. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत, त्यांच्याकडे तर विचारायलाच जावं लागेल. तिथे साल विचारू नकोस. बहात्तरच्या दुष्काळात मूल केवढं होतं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी धाकटी पोटात होती का, असं विचार. १९७२, १९६७, १९९३ ही सालं तुझी तू लावून घे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शाळेच्या रजिस्टरात एका लिंगायत घराच्या नोंदी मी वर्षानुवर्षं पाहिल्या. आजोबा सिद्रामप्पा, मुलगा सिद्धाराम, नातू सिद्धेश. 'अप्पा' गळाला, नाव आखूड झालं, पण ग्रामदैवत सिद्धेश्वर जागचा हलला नाही. त्याच घरातल्या मुली बघ. आजोबांची बहीण निंगव्वा (ती शाळेत आलीच नाही, तिचं नाव घरच्यांनी सांगितलं), मग सुनंदा, मग श्वेता, आणि आता पाळण्यात सान्वी. एकीच्या नावाचा दुसरीच्या नावाशी धागा नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरांतही हेच दिसेल. नरसय्याचा नातू नरसिंह किंवा व्यंकटेश म्हणून देवाजवळच राहतो, नरसम्माची नात मात्र थेट पल्लवी होते.

लोक तुला सांगतील, मुलींची हौस जास्त म्हणून त्यांची नावं नवनवीन. ही हौस मी नाकारत नाही. पण मला दिसलेलं कारण वेगळं आहे. मुलाचं नाव वंशाचं. त्यावर आजोबांचा, कुलदैवताचा, भावकीचा हक्क, त्यामुळे ते ठरवताना दहा जण बोलणार. मुलगी परक्या घरी जाणार, तिच्या नावावर कुणी हक्क सांगायला आलंच नाही. त्या मोकळ्या जागेत आईची, आत्याची, पुढे सिनेमाची आणि मालिकांची निवड शिरली. हे तू तपासून बघ, माझ्या शब्दावर घेऊ नकोस. 'नाव कोणी ठेवलं?' हा प्रश्न प्रत्येक नोंदीत हवाच. तुझ्या आराखड्यात तो नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सरकारी सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या जन्मांतली लोकप्रिय नावं वर्षवार जाहीर करतं. तिथे १९५४ ते १९९८ या काळात १९६० चा अपवाद सोडला तर मुलांत पहिलं नाव मायकल. तेवढ्याच काळात मुलींत मेरी, लिसा, जेनिफर, जेसिका, ॲशली आणि एमिली अशी सहा नावं पहिल्या जागी येऊन गेली. त्यांची कारणं त्यांच्या समाजातली, ती आपल्याला लावू नकोस.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र तुला टाळता येणार नाही. धोंडू, दगडू, कचरू, केरू ही मुलांची नावं. आधीची मुलं दगावलेली, म्हणून हे तरी जगावं, कुणाची दृष्ट लागू नये, यासाठी मुद्दाम ठेवलेली. मुलींमध्ये नकोशी, नकुसा. शेजारच्या साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली. वरवर पाहता दोन्हीकडे ओबडधोबड नावं, आणि 'अशुभ नावं' असं एक खातं करून दोन्ही त्यात टाकण्याचा मोह होईल. तसं अजिबात करू नकोस. एक नाव मूल हातचं जाईल या भीतीतून आलंय, दुसरं ते हाती आल्याच्या नाराजीतून. ही नावं लावून ज्या बायका जगल्या त्या तुझ्यासमोर बसतील. त्यांनी आपणहून सांगितलं तरच लिही, नावामागचं कारण खोदून विचारू नकोस.

मुलींच्या नावांचा मुलांच्या नावांइतक्याच गांभीर्याने विचार झालेला मला ठळकपणे दिसला तो बौद्ध घरांत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद आले, आणि त्यांच्या बरोबरीने सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा. मुलींची नावंही ठरवून, अर्थ सांगून ठेवलेली. या घरांसाठी वेगळं प्रकरण कर. मुस्लिम वस्तीतल्या दस्तगीर, मेहबूब, इमामसाब या पीरांशी, इमामांशी जोडलेल्या जुन्या नावांकडून अयान, जोया यांच्याकडे झालेला प्रवासही घे, पण त्यासाठी त्या घरांत ऊठबस असलेली एखादी मैत्रीण सोबत ने.

कारण लावताना आधी साल बघ. तू लिहिलंयस की सचिन हे नाव क्रिकेटमुळे पसरलं. तेंडुलकर कसोटीत उतरला नोव्हेंबर १९८९ मध्ये. माझ्या वर्गातले कितीतरी सचिन त्याच्या आधीच दहावी होऊन गेले होते. खुद्द त्याचं नाव वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. १९८९ नंतर हे नाव वाढलं की ओसरलं, ते रजिस्टर सांगेल.

विचारायला जाशील तेव्हा दुपारची वेळ धर. सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जा, विड्या वळणाऱ्या बायका हात चालू ठेवून बोलतात आणि मोकळ्या बोलतात. तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर असू दे. नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव जुन्या बायका उच्चारणार नाहीत, आग्रह धरू नकोस, नातवाला विचार. त्यातूनच आणखी एक गोष्ट कळेल. सासऱ्याचं नाव ठेवलेल्या मुलाला आई हाक मारते ती 'आप्पा' किंवा 'बाळू' म्हणून. कागदावरचं आणि घरातलं अशी दोन्ही नावं लिहून घे.

सगळ्यात धाकट्या पिढीसाठी महापालिकेच्या जन्मनोंदी आहेत, पण नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि नाव नंतरही घालता येतं, म्हणून काही नोंदींत नावाची जागा रिकामी मिळेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत महाराष्ट्रात स्वतःच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. तुझा रकाना तसाच आख. आजच्या आरव, विहान, शिवांश या नावांकडे बघताना मुलांची नावंही आजोबांपासून सुटत चालल्यासारखी वाटतात. तसं खरंच असेल, तर सान्वी आणि शिवांश यांची नावं कोणी ठेवली याची उत्तरं आता सारखी यायला हवीत. तेच शोध.

आधी एकाच शाळेची, एकाच इयत्तेची, दर दहा वर्षांनी एक अशी पानं घे. त्या नोंदी झाल्या की मला पाठव, मग प्रश्नावली दोघी मिळून पक्की करू.

तुझी,
बाई