पोकरच्या टेबलावरची बोली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पोकरच्या स्पर्धांचे प्रक्षेपण पाहताना बटन, ब्लाइंड, अंडर द गन, फ्लॉप, टर्न आणि रिव्हर हे शब्द सतत कानांवर पडतात. एकेकाचा अर्थ थोडाफार कळतो, पण डाव कोणत्या क्रमाने पुढे सरकतो हे काही लागत नाही.

उत्तर : आपण पाहता तो प्रकार बहुधा टेक्सस होल्डेम असावा, म्हणून सगळी उत्तरे त्याच्याच आधाराने देतो. या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकून वाटले जातात, त्यांना होल कार्ड्स म्हणतात. टेबलाच्या मध्यभागी टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडे मांडले जातात, त्यांना बोर्ड म्हणतात. या सातांपैकी सर्वांत चांगल्या पाच पत्त्यांचा हात ज्याचा, त्याला पॉट म्हणजे मधोमध साठलेल्या चिप्स मिळतात. अर्थात त्याआधीच बाकी सर्वांनी पत्ते टाकून दिले, तर हात न दाखवताही पॉट मिळतो.

बटन ही एक चकती असते. त्या डावात पत्ते वाटण्याचा मान नावापुरता कोणाकडे आहे हे ती दाखवते आणि प्रत्येक डावानंतर एक जागा डावीकडे सरकते. बटनच्या लगेच डावीकडचा खेळाडू स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड भरतो. ही रक्कम पत्ते पाहण्यापूर्वीच सक्तीने भरावी लागते आणि स्मॉल ब्लाइंड सहसा बिग ब्लाइंडच्या निम्मा असतो. ही सक्ती नसती, तर जो तो उत्तम पत्ते येईपर्यंत हात बांधून बसला असता आणि खेळ सुरूच झाला नसता. पहिली बोली बिग ब्लाइंडच्या डावीकडच्या खेळाडूची असते. त्याच्यामागे सगळे टेबल अजून बोलायचे बाकी असते, म्हणून त्या जागेला अंडर द गन म्हणतात. समोर लागलेल्या रकमेएवढी रक्कम भरून डावात राहणे म्हणजे कॉल, ती वाढवणे म्हणजे रेझ आणि पत्ते सोडून देणे म्हणजे फोल्ड. कोणीही रक्कम वाढवलेली नसताना नुसता बिग ब्लाइंडएवढा भरणा करून आत शिरण्याला लिंप म्हणतात, आणि अनुभवी खेळाडू हा शब्द फारशा आदराने उच्चारत नाहीत.

ही फेरी संपली की गठ्ठ्यावरचा एक पत्ता न दाखवता बाजूला ठेवतात, त्याला बर्न कार्ड म्हणतात. मग एकदम तीन पत्ते उघडतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली होऊन चौथा पत्ता येतो तो टर्न, आणि त्यानंतर पाचवा व शेवटचा तो रिव्हर. फ्लॉपपासून पुढे प्रत्येक फेरीत बटनच्या डावीकडून बोली सुरू होते, त्यामुळे बटनवरचा खेळाडू सर्वांत शेवटी बोलतो. इतरांनी काय केले हे पाहून मग निर्णय घेण्याच्या या सोयीलाच पोझिशन म्हणतात. माझ्या मते नवख्याने सर्वप्रथम हीच संज्ञा पक्की करावी, कारण अंडर द गनवरून जे दोन पत्ते मुकाट्याने टाकून द्यावेत, तेच बटनवरून रेझ करण्याजोगे ठरू शकतात. बटनच्या उजवीकडच्या जागेला कटऑफ म्हणतात आणि तीही जवळजवळ तितकीच सोयीची असते. दोनच खेळाडू उरतात त्या हेड्स-अप खेळात मात्र बटनवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो. तो फ्लॉपपूर्वी आधी आणि नंतरच्या सर्व फेऱ्यांत शेवटी बोलतो.

प्रश्न : तीन सारखे पत्ते जमल्यावर समालोचक कधी सेट म्हणतात, तर कधी ट्रिप्स. दोन्ही हात एकच आहेत ना? तसेच नट्स आणि किकर म्हणजे काय?

उत्तर : हातांच्या क्रमवारीत दोन्ही एकच आहेत, खेळण्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात बरेच अंतर आहे. आपल्या हातात सत्तीची जोडी आहे आणि बोर्डवर राजा, सत्ती व दुर्री आले, तर तो सेट. आपल्या हातात एक्का आणि सत्ती आहे आणि बोर्डवर दोन सत्त्या व दुर्री आली, तर ते ट्रिप्स. पहिल्या वेळी बोर्ड पाहून कोणालाही संशय येत नाही, आणि ज्याच्याजवळ राजा आहे तो स्वतःच्या जोडीवर विसंबून चिप्स लावत राहतो. शिवाय सत्तीचा एकच पत्ता शिल्लक असल्यामुळे दुसऱ्या कोणाकडे तीन सत्त्या असूच शकत नाहीत. दुसऱ्या वेळी बोर्डवरची जोडी सर्वांना दिसत असते, त्यामुळे सगळे सावध होतात, आणि उरलेली सत्ती प्रतिस्पर्ध्याच्या हातात असू शकते. सेट इतका किमती मानला जातो तो यामुळेच. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून मोठा हात जमण्याची शक्यता मात्र जेमतेम १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा असते.

दोघांकडे तीच जोडी असेल तेव्हा निकाल ज्या उरलेल्या पत्त्यावर लागतो तो किकर. बोर्डवर एक्का, राणी, सत्ती, पंजी आणि दुर्री आहे, एकाकडे एक्का-राजा आणि दुसऱ्याकडे एक्का-नव्वी आहे, असे समजा. दोघांचीही एक्क्याची जोडी आहे, पण पहिला राजाच्या किकरवर जिंकतो. बोर्डवर एक्का, राजा, राणी, गुलाम आणि छक्की असती, तर एक्का-नव्वी आणि एक्का-अठ्ठी यांच्यात पॉट वाटून गेला असता, कारण दोघांचेही उत्तम पाच पत्ते सारखेच झाले असते आणि नव्वीला जागाच उरली नसती. नवखे खेळाडू सर्वाधिक चिप्स गमावतात ते एक्का आणि त्याच्यासोबतचा दुबळा पत्ता घेऊन. एक्का दिसला की त्यांना फोल्ड करवत नाही.

नट्स म्हणजे त्या बोर्डवर जमू शकणारा सर्वांत मोठा हात. बोर्डवर इस्पिकचे राजा, नव्वी आणि पंजी आहेत, चौथा पत्ता चौकटची सत्ती आणि पाचवा किलवरची दुर्री आहे. येथे ज्याच्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचाच आणखी एखादा पत्ता आहे, त्याचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) हा नट्स होय. परंतु शेवटी दुर्रीऐवजी चौकटची नव्वी आली असती, तर बोर्डवर जोडी झाल्यामुळे फुल हाऊस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) शक्य झाले असते आणि हातात नव्वीची जोडी असलेल्याच्या चार नव्व्या हा नट्स ठरला असता. प्रत्येक नव्या पत्त्यासरशी आता नट्स कोणता, असा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घेतली, तर बोर्ड वाचणे आपोआप जमू लागते.

प्रश्न : आउट्स आणि पॉट ऑड्स यांचे गणित कागद-पेन्सिलीशिवाय करता येते का?

उत्तर : येते, आणि वाटते तितके अवघड नाही. आपला अपुरा हात पूर्ण करू शकणारे जेवढे पत्ते गठ्ठ्यात शिल्लक असतील ते आपले आउट्स. हातात दोन इस्पिक आणि फ्लॉपवर दोन इस्पिक असतील, तर तेरांपैकी नऊ उरतात, म्हणून फ्लश ड्रॉला ९ आउट्स असतात. दोन्ही टोकांनी पूर्ण होऊ शकणाऱ्या स्ट्रेटला (ओळीने पाच पत्ते) ८ असतात. मधलाच एक पत्ता हवा असेल तर ४ असतात, आणि त्या स्थितीला गटशॉट म्हणतात. ढोबळ नियम असा की दोन पत्ते यायचे असतील तेव्हा आउट्सना ४ ने आणि एकच यायचा असेल तेव्हा २ ने गुणावे, म्हणजे टक्केवारी हाती येते. फ्लश ड्रॉसाठी पहिल्या गुणाकाराने ३६ टक्के येतात. खरा आकडा ३५ टक्के आहे. आउट्स खूप असले की नियम थोडा फुगवून सांगतो : १५ आउट्सना ६० टक्के येतात, प्रत्यक्षात ते ५४ टक्के भरतात. चारचा गुणाकार वापरताना एक अट ध्यानात ठेवावी. दोन्ही पत्ते आणखी पैसे न भरता पाहायला मिळणार असतील, म्हणजे कोणीतरी ऑल-इन झालेला असेल (सगळ्या चिप्स लावून बसलेला असेल), तेव्हाच तो लागू पडतो. एरवी टर्ननंतर पुन्हा भरणा करावा लागतो आणि हिशेब चुकतो.

आता पॉट ऑड्स. टर्न उघडला आहे, पॉटमध्ये ३०० चिप्स आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने १०० लावल्या. आपण १०० भरल्या तर पॉट ५०० चा होईल, म्हणजे आपला वाटा एक पंचमांश झाला. जिंकण्याची शक्यता किमान २० टक्के असेल तरच हा कॉल परवडतो. फ्लश ड्रॉ असेल तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ आउट्स आहेत, म्हणजे १९.६ टक्के. कॉल नुसत्या आकड्यांवर केसभर तोट्याचा ठरला. पण फ्लश जमल्यावर प्रतिस्पर्धी आणखी काही चिप्स देईल अशी वाजवी अपेक्षा असेल, तर तो परवडू लागतो. या पुढच्या संभाव्य कमाईला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. या शब्दाचा आधार घेऊन वाटेल त्या कॉलचे समर्थन करणारे पुष्कळ भेटतात. बोर्डवर तिसरा इस्पिक पडताच जो लगेच पत्ते टाकून देतो, अशा माणसासमोर इम्प्लाइड ऑड्स जवळजवळ शून्य असतात.

प्रश्न : फ्लॉपपूर्वी एकाने रेझ केले आणि दुसऱ्याने त्यावर पुन्हा रेझ केले, की त्याला थ्री-बेट म्हणतात. रेझ तर दोनच झाले, मग तीन कुठून आले?

उत्तर : मोजणी बिग ब्लाइंडपासून सुरू होते. तो पहिला बेट, पहिले रेझ दुसरा आणि त्यावरचे रेझ तिसरा, अशी ही गणना आहे. त्यावर आणखी कोणी वाढवले तर तो फोर-बेट. फ्लॉपनंतर ब्लाइंड नसतो, म्हणून तेथे कोणीतरी प्रत्यक्ष लावलेला बेट पहिला धरतात.

याच घराण्यातला दुसरा शब्द म्हणजे कंटिन्युएशन बेट, बोलण्यात सी-बेट. फ्लॉपपूर्वी ज्याने रेझ केले त्यानेच फ्लॉपवरही पहिला बेट लावला, तर तो सी-बेट होय. त्यामागचे कारण असे की हातातले दोन पत्ते वेगवेगळे असतील, तर सुमारे तीनपैकी दोन वेळा फ्लॉपवर खेळाडूची जोडी जमत नाही. अशा वेळी ज्याने आधी बळ दाखवले आहे त्याच्यावर प्रतिस्पर्धी सहज विश्वास ठेवतो. हात आज दुबळा आहे, पण पुढच्या पत्त्यावर सुधारू शकतो, अशा स्थितीत लावलेल्या बेटला सेमी-ब्लफ म्हणतात. त्याला जिंकण्याच्या दोन वाटा असतात, समोरच्याने फोल्ड करणे किंवा हात सुधारणे, आणि म्हणूनच नवख्याने निव्वळ ब्लफपेक्षा (दुबळ्या हातावर मोठ्या हाताचा आव आणण्यापेक्षा) सेमी-ब्लफ आधी शिकावा.

प्रश्न : “मी कॉल करतो, आणि वर शंभर,” असे म्हणून मी चिप्स पुढे केल्या, तर डीलरने ते रेझ धरलेच नाही. माझे काय चुकले?

उत्तर : डीलरचा निर्णय बरोबर होता. आपली पाळी आलेली असताना तोंडून निघालेला शब्द बंधनकारक असतो, आणि आपण आधी कॉल म्हणालात. पुढचे शब्द समोरच्याचा चेहरा पाहून जोडता येऊ नयेत यासाठी हा नियम आहे. त्याच कारणाने चिप्स दोन हप्त्यांत पुढे ढकलण्यालाही मनाई आहे, त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात. काही न बोलता एकच मोठ्या किमतीची चिप पुढे टाकली, तर समोर बेट असताना ती सहसा कॉलच धरली जाते. उपाय सोपा आहे : आधी “रेझ” म्हणावे, मग रक्कम सांगावी आणि त्यानंतर चिप्सना हात लावावा.

शब्दाला किती वजन असते याची एक प्रसिद्ध कथा आहे. १९८२ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जॅक स्ट्रॉस यांनी जिंकली. त्या स्पर्धेत एका डावात सगळ्या चिप्स गेल्या असे समजून ते उठू लागले असता त्यांची एक चिप टेबलावर राहिलेली सापडली, आणि त्यांनी “ऑल-इन” असा उच्चार केलेला नसल्यामुळे त्यांना खेळू दिले गेले, असे सांगतात. “अ चिप अँड अ चेअर” (एक चिप आणि एक खुर्ची उरली तरी आशा असते) हा वाक्प्रचार याच कथेला जोडला जातो.

ऑल-इनचा विषय निघालाच आहे, तर साइड पॉटही सांगून टाकतो. टेबलावर असलेल्या चिप्सपेक्षा जास्त कोणालाही लावता येत नाही. एकाकडे १०० आणि उरलेल्या दोघांकडे ४०० चिप्स असतील आणि तिघेही ऑल-इन झाले, तर ३०० चा मुख्य पॉट तिघांत खेळला जातो आणि ६०० चा साइड पॉट फक्त त्या दोघांत.

प्रश्न : स्लो प्ले आणि स्लो रोल यांत फरक आहे का?

उत्तर : जमीन-अस्मानाचा आहे. मोठा हात असूनही मुद्दाम चेक (बेट न लावता पाळी पुढे देणे) किंवा कॉल करत राहणे हा स्लो प्ले, आणि तो खेळाचा रीतसर भाग आहे. सर्व बोली संपल्यावर, आपण जिंकलो आहोत हे ठाऊक असूनही पत्ते दाखवायला विलंब लावणे, समोरच्याला क्षणभर जिंकल्याचा भास होऊ देणे, हा स्लो रोल. तो नियमात बसतो, पण त्याइतका असभ्य प्रकार टेबलावर दुसरा नाही.

प्रश्न : माणसांना आणि पत्त्यांना ठेवलेली टोपणनावेही थोडक्यात सांगावीत.

उत्तर : फिश म्हणजे कच्चा खेळाडू आणि शार्क म्हणजे त्याच्यावर जगणारा. निट अतिसावध असतो आणि उत्तम पत्त्यांशिवाय हलत नाही. मेनियाक कशावरही रेझ करतो. कॉलिंग स्टेशन कधीच फोल्ड करत नाही, म्हणून त्याच्यापुढे ब्लफ करणे व्यर्थ असते. टिल्ट हा शब्द पिनबॉल यंत्रावरून आला. यंत्र हलवले की ते बंद पडते, तसा रागाच्या भरात खेळाडूचा विवेक बंद पडतो.

पत्त्यांमध्ये एक्क्यांची जोडी म्हणजे पॉकेट रॉकेट्स, एक्का-राजा म्हणजे बिग स्लिक आणि दुर्रीची जोडी म्हणजे डक्स. दश्शी-दुर्रीला डॉइल ब्रन्सन यांचे नाव मिळाले, कारण १९७६ आणि १९७७ या दोन्ही वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव याच पत्त्यांवर जिंकला. त्यावरून हे पत्ते चांगले आहेत असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. एक्के आणि अठ्ठ्या या दोन जोड्यांना डेड मॅन्स हँड म्हणतात. २ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील डेडवुड येथे पोकर खेळताना प्रसिद्ध बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक मारला गेला तेव्हा त्याच्या हातात हे पत्ते होते, अशी आख्यायिका आहे. तो खेळताना मारला गेला हे खरे आहे, पत्त्यांचा तपशील मात्र बराच नंतर रूढ झाला.

प्रश्न : माझे एक्के राजांच्या जोडीपुढे हरले. हा बॅड बीट की कूलर?

उत्तर : फ्लॉपपूर्वीच दोघांच्या सगळ्या चिप्स लागल्या असतील आणि नंतर राजा पडून आपण हरला असाल, तर आपल्या बाजूने तो बॅड बीट आहे, कारण बोलीच्या वेळी आपली बाजू सुमारे ८२ टक्के वरचढ होती. मात्र पाचांत जवळजवळ एकदा असे घडणारच. एक्के जिंकले असते, तर राजावाला त्याला कूलर म्हणाला असता : हात इतका मोठा की फोल्ड करणे शक्य नव्हते आणि तरीही समोर त्याहून मोठा हात निघाला. टर्नपर्यंत आपण पुढे होतात आणि प्रतिस्पर्ध्याला उरलेल्या ४४ पत्त्यांपैकी दोनच राजांचा आधार होता, असे झाले असेल, तर त्याची संधी साडेचार टक्के होती आणि बॅड बीट हा शब्द आपण निःसंकोच वापरावा.