छातीतल्या कफावर चिनी लोक संत्र्याची साल देतात, ती कोणती?

तिला चेनपी म्हणतात. 'चेन' म्हणजे जुनी, 'पी' म्हणजे साल. ताजी साल चालत नाही, हे नावातच आलं. ग्वांगडाँग प्रांतातल्या शिनह्वेची सगळ्यात नावाजलेली. तिथे साल तीन पाकळ्यांत सोलतात, उन्हात वाळवतात आणि निदान 3 वर्षं मुरू देतात. केशरी रंग जाऊन ती तपकिरी, कडक होते.

चिनी वैद्य ती सहसा एकटी देत नाहीत. चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळापासून चालत आलेल्या 'एरचेन' काढ्यात बानशिया नावाचा कंद, फूलिंग ही बुरशी आणि ज्येष्ठमध सोबत असतात. काढा ओल्या, चिकट कफासाठी. कोरड्या खोकल्याला नाही, कारण ही साल उष्ण आणि कोरडेपणा आणणारी मानतात.

याच प्रांतात ह्वाचौला पपनसाच्या एका लवदार जातीची सालही कफावर देतात. हो, आपलं गणपतीतलं पपनस, त्याचाच भाऊबंद!

बाजारातल्या संत्र्याची साल उकळू नका, तिच्यावर मेण आणि फवारणी असते. बानशिया कच्चा विषारी असतो, तो घरी अजिबात नको. धाप लागत असेल तर थेट डॉक्टरकडे जा.