‘पोरीचा पोरगा केलात’ : खेळाडू मुलींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, ५० किलो गटात कुस्ती खेळते. चार महिने पाळी नाही. भावकी म्हणते, ‘तालमीत घालून पोरीचा पोरगा केलात.’ खेळ बंद करावा का?
– एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, खेळ बंद करायची घाई नको, पण तीन महिन्यांच्या वर पाळी चुकली की डॉक्टर गाठायलाच हवा. व्यायामाने मुलीचा मुलगा होत नाही. वजनगटाच्या खेळात पाळी थांबण्याचं कारण बहुतेकदा ताटात सापडतं. कष्ट जास्त, खाणं कमी. मग शरीर आधी पाळीवरचा खर्च कापतं.

हिशोब करून बघा. वजन ५२ किलो, त्यात चरबी अंदाजे २० टक्के. उरले ४२ किलो. त्यातल्या दर किलोला ४५ कॅलरी धरल्या तर १८९०, वर सरावात जळणाऱ्या साधारण ६००. म्हणजे दिवसाला २५०० च्या आसपास. सरावाचा खर्च वजा जाऊन दर किलोला ३० सुद्धा उरत नसतील तर हार्मोन बिघडतात आणि पाठोपाठ हाडं. नडगीला बारीक तडे जातात ते यातूनच. ‘वजन वाढेल’ म्हणून रात्री नुसतं दूध पिऊन झोपणाऱ्या मुलीचं गणित इथेच चुकतं. सराव संपल्यावर तासाभरात दूध, दोन केळी, शेंगदाण्याचा लाडू असं काही पोटात जाऊ द्या. पाणी तोडून वजन उतरवणं बंद.

स्त्रीरोगतज्ज्ञ आधी गरोदरपणाची चाचणी सांगतील. राग मानू नका, ती सगळ्यांचीच होते. मग रक्तातल्या हार्मोनच्या चाचण्या (टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच), गरजेप्रमाणे सोनोग्राफी. नुसत्या पाळी आणायच्या गोळ्यांवर समाधान मानू नका; रक्तस्राव होतो, मूळ दुखणं तसंच राहतं.

एक मात्र तपासा. आवाज अचानक घोगरा झाला, हनुवटीवर केस आले, तर कोणती पावडर किंवा इंजेक्शन चालू आहे ते विचारा आणि डबा डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइडने बसलेला आवाज बऱ्याचदा परत येत नाही. केस हळूहळू वाढले असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या एका विकाराची शक्यता जास्त, आणि तो न खेळणाऱ्या मुलींनाही होतो.

प्रश्न : मुलगी आंतरशालेय स्पर्धेत ८०० मीटर धावते. शिक्षक म्हणतात, ‘दिसायला मुलासारखी आहे, तपासणी करून आणा.’
– एक पालक, नाशिक

उत्तर : मुळीच आणू नका. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून एसआरवाय जनुकाची (गर्भात पुरुषी शरीराची घडण सुरू करणारं जनुक) चाचणी लावली आहे, पण ती जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांतल्या महिला गटासाठी. गालाच्या आतून बोळ्याने घेतलेला नमुना किंवा रक्त, आयुष्यात एकदाच. चेहरा, केस किंवा छाती बघून ठरवण्याचा हक्क शाळेत कोणालाही नाही. मागणी लेखी द्या म्हणावं. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. संशयाची किंमत मोठी असते. धावपटू शांती सौंदरराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्य लिंगचाचणीनंतर गेलं आणि तिचं खासगी शरीर देशभर चर्चेला आलं. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये शरीरात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) नियमापेक्षा जास्त म्हणून संघातून वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये तो नियमच स्थगित झाला.

प्रश्न : मी १९ वर्षांची, फुटबॉल खेळते. केस बारीक कापलेत. मैत्रिणीसोबत राहते म्हणून प्रशिक्षक सगळ्यांसमोर घाणेरडे विनोद करतात, ग्रुपवरही टाकतात.
– पुणे

उत्तर : केसांवरून कोणी कोणावर प्रेम करतं ते कळत नाही. समलैंगिक असशील तरी तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं आहे. द्युतीने २०१९ मध्ये आपलं नातं उघड सांगितलं. तुला तसं काही सांगायची गरज नाही, तक्रारीतही नाही.

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा ‘कामाचं ठिकाण’ धरली आहे. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत क्लबच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दे. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, सगळं लिही; चॅटचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट जोड. क्लबमध्ये दहाहून कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. संघातली कोणी अठराच्या आतली असेल तर तिच्यासाठी पॉक्सो (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) लागतो, आणि तिथे थेट पोलीस ठाणं.