मोरीतला नळ आणि तुझी स्क्रिप्ट

प्रिय मित्रा,

तुझ्या भुताच्या फिल्मची स्क्रिप्ट मन लावून वाचली. आरेतला पडका बंगला, पांढऱ्या साडीतली बाई, अकरा पात्रं आणि शेवटी आग. वर्गणी काढून जमवलेल्या पैशांत हे बसणार नाहीच, पण मला खटकलं ते वेगळंच. हा बंगला तू फक्त पडद्यावर पाहिला आहेस. तुझ्या आत्याची लालबागच्या चाळीतली खोली मात्र तुला अंधारातही ठाऊक आहे. पोटमाळा, मोरी, पाण्याचं पिंप, पायरी-पायरीला कुरकुरणारा लाकडी जिना. गोष्ट तिथे घडव.

चाळीत पाणी ठरल्या वेळेलाच येतं. मग भरदुपारी मोरीतल्या कोरड्या नळाला धार लागली तर? दोघं भावंडं एकमेकांकडे बघतात, उठत कुणीच नाही. यातला नळ दाखवूच नकोस. फ्रेममध्ये मोरीचा पडदा आणि दोन चेहरे पुरेत. पाण्याचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड कर, खऱ्या पिंपात खरं पाणी सोडून. रिकाम्या पिंपात ते दणदणतं आणि भरत आलं की सूर चढत जातो. पाणी काठाशी आलंय हे प्रेक्षकाला कानांनीच कळेल आणि त्याची नजर मोरीच्या पडद्यावरून हलणार नाही.

मात्र नळ कधी वाहतो, याचा नियम आधी ठरव. समजा, खोलीत कुणी खोटं बोललं की वाहतो. नियम पक्का असला की साध्या संवादातही भीती शिरते, कारण पुढचं वाक्य खरं की खोटं, याकडे सगळ्यांचे कान लागतात. नियम नसेल तर लोक फक्त दचकतील आणि विसरून जातील.

मांत्रिकाचा सीन काढून टाक, हे मी आग्रहाने सांगतोय. तो बाईला छडीने मारतो आणि भूत निघून जातं, म्हणजे तुझ्या गोष्टीत तो बरोबर ठरतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, तो २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर आला. भुताची गोष्ट जरूर सांग, पण त्या मारहाणीला उपाय म्हणून दाखवू नकोस.

रात्रीचे सीन दिवसा घे. खिडक्यांना बाहेरून काळं कापड लाव, फटी बुजव, आत एकच दिवा ठेव. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही आणि शेवटची लोकल चुकेल म्हणून निम्मं युनिट घड्याळाकडे बघत बसत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २४ फ्रेम्सने शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवलंस, तर जुन्या ट्यूबलाइटखाली चित्र फडफडणार नाही.

कॅमेरा मित्राचा चालेल. पैसे खर्च कर ते चांगल्या माईकवर, साउंड करणाऱ्या माणसावर आणि युनिटच्या जेवणावर. टेकच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली त्यातच ठेव. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज घे. एडिटला बसशील तेव्हा त्याची किंमत कळेल. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस संवाद गिळतो, आणि गणपतीत लालबागमध्ये शांतता मिळणं अशक्य. डिसेंबर-जानेवारी धर.

आत्याचा होकार खोलीपुरता आहे. गॅलरी आणि जिना सगळ्यांचा, त्यामुळे कॉलेजचं पत्र घेऊन चाळ कमिटीला आधी भेट. स्टेशनवरचा सीन सोडून दे. रेल्वेची परवानगी वेगळी लागते, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही.

सगळं ठरवण्याआधी मोबाइलवर एक मिनिटाची चाचणी कर, फक्त पडदा, चेहरे आणि पाणी. दादासाहेब फाळक्यांनीही १९१२ मध्ये कुंडीतलं रोप उगवतानाची छोटी फिल्म एकेक फ्रेम घेऊन बनवली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. तुझी चाचणी आधी आत्याला हेडफोन लावून दाखव. तिला त्या नळाचा आवाज रोजचा आहे. कुठे खोटं वाटतं ते ती लगेच सांगेल, आणि तेवढं दुरुस्त करूनच माझ्याकडे ये.

तुझा,
सर